देवाचा पॉइंट

‘साइटवर अनवाणी यायचं नाय, सरू. तुझा देव सगळीकडं बघत असंल, करंट काय बघत नाय.’

अब्बासचाचांचा हा आवाज सरूला मनात ऐकू आला तो उशिराच. हात झटकला गेल्यानंतर, मुठीतली दूर्वांची जुडी ओल्या फरशीवर विखुरल्यानंतर. काळुरामशेठच्या नव्या इमारतीत, तळमजल्यावरच्या गणपतीच्या कारखान्यात ती आपल्या घरची मूर्ती बघायला आली होती. फरशी नुकतीच पुसलेली. आत शिरताना पाय घसरला, तोल सावरायला हात बाजूला गेला आणि मुठीची हाडं शटरच्या लोखंडी चौकटीला लागली. लागली म्हणजे धड टेकलीसुद्धा नाहीत. पण कोपरापासून टाचेपर्यंत आतून कुणीतरी दोरी ओढावी आणि सोडून द्यावी तसं झालं. मग काहीच नाही. मूर्ती वाळवायला लावलेले मोठाले दिवे तसेच जळत होते, रंगाचा आणि थिनरचा वास तसाच डोक्यात चढत होता, आणि ओळीने मांडलेले गणपती, कुणाला डोळे आलेले, कुणाला अजून यायचे, तसेच बसून होते. जगात काहीही घडलेलं नव्हतं. घडलं होतं ते फक्त तिच्या हातात, आणि हातसुद्धा आता काही सांगायला तयार नव्हता.

चौकटीला लागूनच पुतळीमावशी पाटावर बसली होती. पेणच्या बाजारात डोळ्यांची रेखणी करावी तर पुतळीने, असं म्हणायचे. तिने कुंचला न हलवता विचारलं, ‘काय गो, ठेचाळलीस?’

‘नाही मावशी. इथे... तुम्हाला इथे काही लागतं का हाताला?’

‘हाताला काय लागायचं? मुंग्या येतात कोपराला. रेखणी करून करून. पन्नास वर्षं डोळे काढतेय, हाताला मुंग्या येतील नायतर काय मोदक येतील?’

सरूने खाली वाकून दूर्वा गोळा केल्या. वाकताना चौकटीपासून हातभर लांब राहिली. मग तिला आपली लाज वाटली, कारण ही चौकट, हे दिवे, वरच्या मजल्यावरचा दवाखाना, त्याच्या वरचा टायपिंगचा क्लास, या सगळ्यांच्या पोटातून जाणारी एकेक तार तिने स्वतः कागदावर ओढली होती. दुसऱ्याच्या नकाशावर नकाशे गिरवण्यात तिची दहाएक वर्षं गेली होती, रोह्याजवळच्या एका कंपनीत. ते खातं बंद पडलं तेव्हा अब्बासचाचांनी तिला आपल्या कचेरीत घेतलं आणि इमारतीची वायरिंग आखायला शिकवायला सुरुवात केली. ही तिची पहिली इमारत. तिच्या एकटीची. वाळवणीच्या दिव्यांचा लोड तिने वेगळा धरला होता, कारण पेणच्या माणसाला ठाऊक असतं की भाद्रपदाआधी इथल्या कारखान्यात दुकानापेक्षा भट्टीसारखा करंट लागतो. आणि मेनच्या पुढे तिने तो नवा ब्रेकर दाखवला होता, करंट वाटेत कुठे गळाला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बंद करणारा. त्यासाठी काळुरामशेठशी किती वेळा बोलावं लागलं होतं. ती हळू बोलणारी बाई. तिचं बोलणं ऐकायला माणसाला पुढे वाकावं लागायचं, आणि काळुरामशेठ पुढे वाकणारा माणूस नव्हता.

आताही तिने सांगितलं तेव्हा तो खुर्चीतूनच म्हणाला, ‘आमच्या इंजिनेरबाई आल्या. काय म्हणता, शटरला करंट? सरूबाई, ब्रेकर तुमचा, नकाशा तुमचा. करंट गळला असता तर ब्रेकर पडला नसता? का आमच्याकडनं पैसे घेऊन शोभेचा बसवलात?’

ते खरंच होतं. ब्रेकर पडला नव्हता. तिचाच नकाशा तिच्या हाताला खोटं पाडत होता. काळुरामशेठने जनू वायरमनला हाक मारली. जनू टेस्टर घेऊन आला, वर हात पुरेना म्हणून आकड्याने शटर अर्ध्यावर ओढून घेतलं, आणि त्याच्या पट्टीला, चौकटीला, कुलपाच्या कडीला टेस्टर लावत गेला. ‘बघा ताई. काजवा पण चमकला नाय.’ मग नुसता हात ठेवून दाखवला. पायात त्याच्या जाड चपला होत्या. ‘चातुर्मास ना तुमचा? एकवेळ जेवता, पायात काय घालत नाय. झिणझिण्या असतील. शेंगदाण्याचा लाडू खा.’

‘माझ्या आईचं असंच व्हायचं,’ काळुरामशेठ म्हणाला, आणि या बाबतीत तो चेष्टा करत नव्हता.

ती बसून राहिली. पुतळीने तिच्या मूर्तीचा उजवा डोळा काढला, मग डावा. डावा निघाल्यावर मूर्ती एकदम बघायला लागली आणि सरूने नजर खाली घेतली. काळोख पडायच्या वेळेला कारखाना बंद झाला. काळुरामशेठने स्वतःच्या हाताने मेन पाडला. वाळवणीचे दिवे, पंखे, ट्यूबा, सगळं एका दमात गेलं आणि मूर्तींच्या रांगा अंधारात बुडाल्या. फक्त भिंतीतल्या कोनाड्यात, पाटपूजनाच्या दिवशी मांडलेल्या पहिल्या गणपतीपुढे, लाल काचेचा लहानसा बल्ब जळत राहिला. सरूने सवयीने हात जोडले. कशाला तरी हात जोडता आले म्हणून तिला बरंसुद्धा वाटलं. काळुरामशेठने शटर जमिनीपर्यंत ओढलं तेव्हा ती त्याच्या हाताकडे बघत होती. पण त्याला काही झालं नाही. त्याने कुलूप लावलं, चौकटीला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि गेला.

घरी जाताना ती रस्त्याच्या मधून चालली. खांब टाळत. खांब टाळायची खोड जुनी होती. जित्याजवळच्या त्यांच्या गावात शेताच्या कडेला विजेचा खांब नवीन आला, तेव्हा ती परकर नेसायची. खांबाला तिरका ताण दिलेला तारेचा दोर असतो, त्या दोराला त्यांची म्हैस मान खाजवायला गेली. भातलावणी झालेली, खाचरात घोटाभर पाणी. म्हैस नुसती बसली. आवाज न करता बसली, जशी गोठ्यात बसते. तिचे वडील सखा धावत गेले, अनवाणी, आणि त्यांनी तिच्या शिंगाला हात घातला. मग तेही उभे राहिले. उभेच राहिले. ते उभं राहणं सरूला अजून दिसतं. माणूस हाक मारल्यावर थांबतो तसं नव्हे, कुणीतरी आतून कडी घातल्यासारखं. शेजारच्या हैबतरावांनी सुका बांबू घालून त्यांना बाजूला पाडलं म्हणून ते वाचले. दोन बोटं मात्र शिंगाच्या आकाराची राहिली, मरेपर्यंत. आणि आई? आई बांधावर होती. तिच्या पायात वडिलांच्याच वहाणा होत्या, टायरच्या तळाच्या, तिच्या पायाला मोठ्या. ती पुढे गेली नाही. तोंडात पदर घेऊन उभी होती. त्यानंतर आषाढी आली तशी आईने वहाणा काढल्या त्या कार्तिकीपर्यंत घातल्या नाहीत, आणि दर वर्षी तेच. लोक म्हणत, धन्यासाठी व्रत धरलंय. सरूलाही तसंच वाटायचं. जाताना आई म्हणाली, ‘माझ्यामागं तू चालव गो,’ आणि सरू हो म्हणाली. त्याला सात पावसाळे झाले. ज्या अनवाणी पायांनी बाप मरता मरता वाचला, तेच पाय देवाला का द्यायचे, हे तिने आईला कधी विचारलं नव्हतं. काही गोष्टी विचारल्या की व्रताला बाट लागतो, असं तिला लहानपणी वाटायचं. मोठेपणीही वाटायचं.

रात्री स्तोत्र म्हणताना तिचं लक्ष हाताकडे जात राहिलं. खरं होतं का ते? जिभेला चटका बसतो, डोळ्यात कण जातो, त्याची खूण राहते. याची खूणच नव्हती. उद्याचा दिवस गेला की परवा हरतालिका, आणि तेरवा चतुर्थी. हरतालिकेच्या दिवशी पहाटेपासून माणसं मूर्ती न्यायला येतात. डोक्यावर टोपी, हातात पाट, आणि पायात काही नाही. देव घरी न्यायचा तर वहाणा कोण घालतं? पावसाने भिजलेली, अनवाणी, पोराबाळांना कडेवर घेतलेली माणसं त्या दाराशी दाटी करणार, आणि जाता येता, तोल सावरायला, पोराला जागा द्यायला, चौकटीला हात लावणार. नुसता नव्हे, पूर्ण तळवा. तळव्याने धरलं की मूठ मिटते. हे तिला चाचांनी शिकवलं होतं, पण त्याच्याही आधी तिला ते ठाऊक होतं. आणि काहीच नसेल तर? उपासाच्या झिणझिण्याच असतील तर? तर ती सणाच्या तोंडावर देवाच्या दारात अभद्र बोलणारी बाई. तिला दोन्हीची भीती वाटत होती, आणि कुठली मोठी हे कळत नव्हतं.

सकाळच्या गाडीने ती रोह्याला निघाली. नेहमीचीच गाडी, पण आज कचेरीला कुलूप होतं. अब्बासचाचांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी वाकायला, उन्हात जायला, कागद बघायला मनाई केली होती. खिडकीतून खाचरं मागे जात होती आणि ती मनातल्या मनात आपला नकाशा वाचत होती. खांबावरून मीटर. मीटरवरून मेन. मेनवरून ब्रेकर. ब्रेकरवरून फांद्या. चाचा म्हणायचे, ‘करंट येतो कुठनं हे सगळे विचारतात. तू विचार, तो परत जातो कुठनं. त्याला घरी जायची घाई असते. वाट नाय ठेवलीस तर तो माणसातनं जाईल.’ कुवेतमध्ये चाचांनी मोठमोठ्या इमारतींचे नकाशे काढले होते. लढाई झाली तेव्हा एका बॅगेनिशी परत आले, आणि त्या बॅगेत कपड्यांपेक्षा पट्ट्या आणि पेनंच जास्त होती. सरूने फांद्यांवरून परत उलटी वाट धरली. प्रत्येक दिवा, प्रत्येक पंखा, प्रत्येक पॉइंट. कुठेही भोक नव्हतं. नागोठण्याला तिने परत पहिल्यापासून सुरुवात केली. चूक सापडावी म्हणून ती देवाला विनवत होती, आणि सापडू नये म्हणूनही. देवाने नक्की काय ऐकायचं?

चाचांच्या घरी बिल्किसचाचीने दार उघडलं. तिने आधी सरूचे चिखलाचे पाय बघितले, मग तोंड. ‘आत ये. पाणी तरी घेशील का आज तेही बंद?’ सरूने पाणी घेतलं. चाचा ओसरीवर खाटेवर पडले होते, डोळ्यावर हिरवी पट्टी. तिने सगळं सांगितलं. सांगताना आवाज आणखी बारीक झाला. ते हसले नाहीत, हेच तिला जास्त भयंकर वाटलं.

‘झटका लागला तवा शटर वर होतं का खाली?’

‘वर. पूर्ण वर.’

‘आणि जनूनं टेस्टर लावला तवा?’

तिला तो आकडा दिसला. जनूचा वर गेलेला हात. ‘अर्ध्यावर ओढलं होतं त्याने.’

‘शटर वर गेलं की वरच्या पेटीत गुंडाळी फुगते. खाली आलं की बारीक होते. पेटीतनं एखादी तार गेली असंल तर फुगल्यावर ती घासणार. खाली ओढलं की सुटली. पण ब्रेकर पडला नाय म्हणतेस. म्हंजे ती तार ब्रेकरच्या मागनं येत नाय. सरू, मेन पाडल्यावर काय चालू राहिलं?’

‘काही नाही. सगळं...’

आणि तिला आपले जोडलेले हात दिसले. लाल उजेडात. ‘देवाचा दिवा,’ ती म्हणाली. ‘देवाचा दिवा चालू होता चाचा. मी नमस्कार केला त्याला.’ दारावरच्या तोरणाच्या मागून शटरच्या पेटीत शिरणारी पांढरी तार आता तिला इतकी स्वच्छ दिसत होती की ती काल दिसली नव्हती यावर तिचा विश्वास बसेना. रात्री मेन पाडला तरी दिवा जाऊ नये म्हणून मीटरमधून थेट काढलेली. मेनच्या आधी, ब्रेकरच्या आधी, कुणाच्याच राखणीत नसलेली.

चाचा म्हणाले, ‘कुवेतला कुठलीबी इमारत असो, मी पहिली खोली काढायचो नमाजाची. तिचं सर्किट वेगळं, तिला राखण वेगळी. तुझ्या नकाशात देवाचा पॉइंट कुठं होता?’

‘नव्हता.’

‘तो नकाशा मीबी तपासला. मी मुसलमान माणूस, मला सुचला नाय. तुला कसा नाय सुचला गो?’

‘असं बोलतात का पोरीला?’ चाची आतून म्हणाली.

‘मी माझ्याशी बोलतोय,’ चाचा म्हणाले.

सरू खाली बघत राहिली. रोज पहाटे उठून देवापुढे निरांजन लावणारी ती. दवाखान्यातल्या पाणी उकळायच्या भांड्याला तिने जागा दिली, टायपिंगच्या बाईच्या टेबलपंख्याला दिली, जिन्याखालच्या पंपाला दिली. गणपतीच्या कारखान्यात गणपतीला दिली नाही. देव तिला आपसूक वाटला होता. हवा असावी तसा. त्याला तार लागते, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग ज्याला दिवा हवा होता त्याने तो सापडेल तिथून घेतला.

चाचा कोपरावर उठले. ‘ऐक. तू कशाला हात लावायचा नाय. जनूला लावू दे. आधी मीटरचा कटआउट, तो फ्यूज, काढायचा, मग तार सोडायची, मग टेस्टर. आणि अनवाणी जायचं नाय. मागं सांगितलं तवा तू नुसती मान हलवलीस. आता तोंडानं कबूल कर.’

तिला आईचे पाय दिसले. भेगा पडलेले, चार महिन्यांच्या चिखलाने काळे. बिल्किसचाची मोरीत घालायच्या जाड रबरी सपाता कागदात बांधून घेऊन उभी होती. तिलाही सगळं ठाऊक होतं. व्रत म्हणजे काय हे तिला सांगावं लागत नव्हतं, तिचे स्वतःचे रोजे चाळीस वर्षं चुकले नव्हते. तिने पुडकं पुढे केलं नाही, नुसतं सरूच्या शेजारी खाटेवर ठेवलं.

‘कबूल,’ सरू म्हणाली.

ती पेणला परतली तेव्हा कारखान्यात गर्दी सुरू झाली होती. लोक आपापली मूर्ती बघून, नावाची चिठ्ठी लावून जात होते. शटर पूर्ण वर. पुतळी चौकटीशी. सरू फुटपाथवरच थांबली, कारण पुडकं तिच्या पिशवीतच होतं. तिथून तिने काळुरामशेठला बाहेर बोलावलं. तो आला, कारण तिने आजवर कधी कुणाला बोलावलं नव्हतं.

ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, ‘दिवा बंद करू? सरूबाई, तू पूजाअर्चेतली, तू हे बोलतेस? पाटपूजनाला लागलेला दिवा शेवटची मूर्ती दाराबाहेर पडेपर्यंत इझत नाय आमच्याकडं. बापाच्या वेळी एकदा इझला, त्या साली भोगावतीचं पाणी कारखान्यात शिरलं. निम्मे गणपती बसल्या जागी विरघळले. मी लहान होतो. सोंडा हातात घेऊन बसला होता माझा बाप.’

‘मग तेलाचा दिवा का नाही ठेवला, शेठ?’

‘आत थिनरचे डबे किती, बघितलेस ना? आग लागू नये म्हणून तर बल्ब केला. जनूला सांगितलं, मेन पाडला तरी जाता कामा नये. त्यानं केलं. मी काय येडा हाय?’

तो येडा नव्हता, हेच तर होतं. एक भीती टाळायला त्याने दुसरी घरात घेतली होती, आणि तिला देव म्हणून बसवलं होतं. सरू तार, गुंडाळी, पेटी असं काहीतरी सांगत राहिली. तिच्याच कानाला ते लांबून आल्यासारखं वाटत होतं. काळुरामशेठ वैतागला. ‘थांब. एकदाचा फैसला होऊ दे,’ म्हणाला, आणि त्याने चपला काढल्या. ओल्या पायरीवर उघडा पाय ठेवला, मग दुसरा, आणि चौकटीकडे हात लांब केला. पूर्ण तळवा.

ती कशी गेली ते तिला नंतर आठवलं नाही. ती त्याच्या आणि लोखंडाच्या मध्ये उभी होती, पाठीमागे वीतभर अंतरावर चौकट, पाय ओल्या दगडावर. तिला फक्त एवढंच कळत होतं की पाठ मागे जाता कामा नये. काळुरामशेठचा हात तिच्या खांद्याशी हवेत थांबला. एवढ्या जवळून त्याने तिचा चेहरा कधी बघितला नव्हता. त्याने जे बघितलं असेल ते असेल. त्याने हात मागे घेतला.

‘मावशी,’ तो आत बघून हळू म्हणाला, ‘तू जरा सरक तिकडनं.’

‘मी म्हणतेच हाय कवाधरनं,’ पुतळी पाट उचलत म्हणाली, ‘इथं टेकलं की मुंग्या येतात, घरी टेकलं की नाय येत. पण माझं कोण ऐकतंय? मी म्हातारी. त्यात बाई.’

पाट होता, पाटाखाली गोणपाट होतं, म्हणून ती उरली होती. सरू फुटपाथवर येऊन खाली बसली.

शटर अर्ध्यावर ओढलं गेलं. लोक वाकून आत जायला लागले; शेठ म्हणाला, देवापुढं वाकायचंच असतं. जनू मात्र गौरीगणपतीला म्हणून दुपारीच जित्याला गावी गेला होता. सकाळच्या पहिल्या गाडीने येतो असा त्याचा शेजाऱ्याच्या फोनवर निरोप आला. आणि दिवा? काळुरामशेठ फुटपाथवर तिच्या शेजारी बसला, थोडं अंतर राखून. आता तो पुढे वाकून बोलत होता.

‘तार काढली की दिवा जाणार.’

‘त्याच्या आधी मी समई लावीन. बल्ब जळत असतानाच. मग बल्ब गेला तरी उजेड गेला असं होणार नाही.’

‘बल्बावरनं वात कशी पेटवणार?’

‘काडीने पेटवीन शेठ. दोघांची गाठ पडली म्हणजे झालं.’

तो त्यावर विचार करत राहिला. खरंच विचार करत होता. ‘आणि थिनर?’

‘जिन्याखाली ठेवू. डब्यांपासून लांब. मी शेजारी बसते. हलणार नाही.’

‘दिवसभर?’

‘शेवटची मूर्ती जाईपर्यंत.’

‘उद्या हरतालिका तुझी. पाण्याचा थेंब घेणार नायस.’

‘म्हणूनच उठावं लागणार नाही,’ सरू म्हणाली.

काळुरामशेठला हसू येणार होतं, पण आलं नाही. ‘शब्द दिलास बघ,’ तो म्हणाला. ‘उजाडायच्या आत ये. डोलवीच्या कारखान्यातली पहिल्या शिफ्टची माणसं आधी गणपती घरी पोचवतात, मग कामावर जातात. ती आली की पोरं सवयीनं शटर वर फेकतात. मी सांगून ठेवीन, पण सवय ती सवय.’

त्या वाक्याने तिला झोपू दिलं नाही. डोळा लागला की शटर वर जायचं, खडखडत, गुंडाळी फुगायची, आणि दाराशी कुणीतरी उभं राहायचं. नुसतं उभं. त्याला हाक मारायची तर तिचा आवाज इतका बारीक की त्याला पुढे वाकावं लागलं असतं, आणि तो वाकू शकत नव्हता.

पहाटे आंघोळ करून तिने वाळूची पिंड मांडली, पत्री वाहिली, देवापुढे निरांजन लावलं. पिशवीत पितळी समई, तेलाची बाटली, वाती, काड्यापेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. मग पुडकं सोडलं. बिल्किसचाचीच्या सपाता तिच्या पायाला मोठ्या होत्या. त्या उंबऱ्याशी ठेवून ती बघत राहिली, आणि तेव्हा तिला बांधावर उभी असलेली आई दिसली. मोठ्या वहाणांत, तोंडात पदर घेऊन. त्या वहाणांना टायरचा तळ होता. त्या खाचरात सगळ्यांत जाड तळ आईच्याच पायाखाली होता, आणि पुढे गेली नव्हती तीही आईच. सरू खाली बसली. बाहेर पाऊस बारीक लागला होता. धन्यासाठी नव्हे, तिच्या मनात आलं, आणि तिने ते वाक्य पुढे नेलं नाही.

तिने उजवा पाय घातला, मग डावा. जमीन एकदम गेली. गार नाही, ओली नाही, काहीच नाही. कालपर्यंत जे काही कळलं ते या पायांनी कळलं होतं. आता ते मुके झाले होते, आणि दाराशी गेल्यावर चौकटीत काय आहे हे तिला अंगाने कळणार नव्हतं. फक्त शिकलेलं होतं ते होतं. आधी कटआउट. मग तार. मग टेस्टर. ती ते स्तोत्रासारखं पुटपुटली. तिने दाराला कुलूप लावलं.

रस्त्यावर अजून कुणी नव्हतं. लांब कुठेतरी ‘मोरया’ असा एकच आवाज झाला, आणि पुन्हा शांत. सरूने पदराखाली काड्यापेटी नीट धरली आणि चालायला लागली, सपाता पायातून निसटू नयेत म्हणून बोटं आवळून, पण नेहमीपेक्षा भरभर.